गावात घर बांधायची परवानगी: ग्रामपंचायतीची सेवा कशी वाटली

ग्रामपंचायतीकडून बांधकामाची परवानगी रीतसर मिळते. ती घ्यावी, आणि पाया खोदायच्या आधी घ्यावी. घर पूर्ण होत आलं असताना हे मी ठामपणे लिहिते आहे. सेवेला पाचपैकी साडेतीन देईन. दीड गुण का कापला ते खाली सविस्तर सांगते, कारण गावात जो तो वेगळंच सांगतो आणि त्यात साध्या माणसाचा अख्खा उन्हाळा वाया जातो.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं. कापूस, तूर, सोयाबीन, आणि ओलित आहे त्यांच्याकडे थोडा गहू-चणा. घर जुन्या आबादीत, म्हणजे गावठाणात होतं. मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे छपरी, मागे बैलांचा कोठा. मी शिवणकाम करते, दोन मशीन आहेत. दर पावसाळ्यात कवेलू फेरावे लागत आणि तरी कापडाच्या गठ्ठ्यांवर पाणी टपकायचं. म्हणून जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-न्हाणी आणि रस्त्याच्या बाजूला मशीनची खोली. थोडं कर्ज काढायचं होतं आणि बँकेने पहिल्याच दिवशी परवानगीची प्रत मागितली. गावातली अर्धी घरं परवानगीशिवाय उभी आहेत हे खरं आहे. पण त्यांना बँकेत कोणी उभं करत नाही, हेही तितकंच खरं आहे.

कोणाला काय लागतं ते आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत बांधकामाला पंचायतीची परवानगी लागते, हे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये फार जुन्यापासून आहे. २ डिसेंबर २०२० ला राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि २०२१ मध्ये ग्रामविकास खात्याने तिच्यावरून गावांसाठी पायऱ्या ठरवून दिल्या. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण १६०० चौरस फुटांपर्यंत असेल तर परवानगीची वाट बघायची नाही. मालकीचा कागद, मोजणीचा नकाशा, घराचा आराखडा आणि तो नियमात बसतो असं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र, एवढं ग्रामपंचायतीत द्यायचं, शुल्क भरायचं आणि कामाला लागायचं. १६०० ते ३२०० चौरस फुटांच्या भूखंडावर ग्रामपंचायतीने परवानगी द्यायची. अभियंत्याने प्रमाणित केलेला आराखडा आला आणि शुल्क भरलं, की १० दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात पडलं पाहिजे. ३२०० च्या वर असेल तर नगररचना विभागाकडे जायचं.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे १६०० आणि ३२०० जागेचे आकडे आहेत, बांधकामाचे नाहीत. आमच्याकडे दहातले नऊ लोक सांगतील, "सोळाशे फुटाच्या आत बांधा, काही लागत नाही." जागा मोठी असेल तर सातशे फुटाचं घर बांधायलाही परवानगी लागते.

आमचं प्रकरण नेमकं याच रेषेवर येऊन अडलं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घराच्या आकारणीच्या नोंदवहीत, आमची जागा ४४ बाय ३६ फूट लिहिलेली होती. म्हणजे १५८४ चौरस फूट. रेषेच्या आत. प्रत्यक्षात जागा ४४ बाय ४१ आहे. मागच्या कोठ्याची पाच फुटांची पट्टी कधीकाळी नोंद करणाऱ्याने सोडून दिली होती. बहुतेक तेव्हा कोठ्याला टॅक्स नको म्हणून घरच्यांनीच ती सांगितली नसेल. पट्टी धरली तर १८०४ चौरस फूट होतात आणि परवानगी लागते.

सल्ला द्यायला माणसं होतीच. ओळखीचे एक काका घरी येऊन म्हणाले, "वहिनी, कायले येवढी दगदग? जुन्या नोंदीत पंधराशे चौऱ्याऐंशी फूट हाये. तेच दाखवा अन् करा सुरू." सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मंग कोठ्याची जागा कोनाची म्हनायची?"

त्या एका प्रश्नावर आमचा निर्णय झाला. तात्पुरती सोय म्हणून कमी जागा दाखवली असती, तर आपल्याच सहीनिशी पाच फूट आपले नाहीत असं लिहून दिलं असतं. पुढे शेजाऱ्याने तिथे भिंत घातली तर भांडायला कागद उरला नसता. एका परवानगीचा त्रास चुकवायला गावठाणातली जागा सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्हाला तारलं ते ड्रोनच्या मोजणीने. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. त्यात गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून सनद आणि मिळकत पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचे कागद देतात. आमच्या गावात मोजणी झाली तेव्हा सासरे होते. ड्रोन उडायच्या आधी प्रत्येक घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात, म्हणजे वरून काढलेल्या फोटोत हद्द दिसते. रेघ मारणारी माणसं आमच्या घराच्या मागच्या भिंतीपाशीच थांबली होती. सासूबाईंनी त्यांना कोठ्यातून फिरवून नेलं, शेण स्वतः बाजूला सारलं आणि गव्हाणीच्या मागून रेघ ओढून घेतली. सनदेत जागा १६७ चौरस मीटरच्या वर आली. नमुना ८ मध्ये न सापडलेली पट्टी त्या कागदावर आहे. ज्यांच्या गावात ही मोजणी अजून व्हायची आहे त्यांनी त्या दिवशी शेतात जाऊ नये, घरी थांबावं. शेतीचा एक दिवस गेला तरी चालेल.

सनद होती, पण सासऱ्यांच्या नावाने. ते वारले होते. खरा वेळ इथे गेला. नकाशा तयार होता, अभियंता तयार होता, मिस्त्रीने इसारही घेतला होता, पण अर्ज कोणाच्या नावाने करायचा हेच ठरत नव्हतं. वारसांची नोंद दोन ठिकाणी करावी लागते हे आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला एक आणि तालुक्याला भूमी अभिलेख कार्यालयात मिळकत पत्रिकेवर दुसरी. एका ठिकाणी नाव लागलं म्हणून दुसरीकडे आपोआप लागत नाही. सातबाऱ्यावर पटवाऱ्याने वारस चढवले होते, म्हणून घराचंही झालं असेल असं सगळे धरून चालले होते. शेताचा कागद वेगळा, घराचा वेगळा.

ग्रामपंचायतीत वारसांच्या नोंदीचा विषय मासिक सभेपुढे जातो. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब. आमचा विषय पुढे ढकलला गेला, तेव्हा कापूस वेचणीचे शेवटचे दिवस होते आणि निम्मे सदस्य शेतात होते. त्यांचंही मी समजू शकते. पण सभा तहकूब झाली हे ज्यांचे विषय आहेत त्यांना कळवायला एक फोन पुरतो. तो येत नाही. माणूस ताटकळत बाहेरच्या बाकावर बसतो आणि संध्याकाळी त्याला कळतं.

वारसांबद्दल आणखी थोडं लिहिते, कारण यावरून घरं तुटताना पाहिली आहेत. सासूबाई, हे, धाकटे दीर आणि दोन नणंदा, एवढे वारस. दीर बुटीबोरीला कंपनीत आहेत. थोरल्या नणंदबाई यवतमाळ जिल्ह्यात आर्णीच्या बाजूला दिलेल्या आहेत. गावात सगळ्यांनी सांगितलं की बहिणींचं हक्कसोड करून घ्या, मग पुढे कटकट नाही. ताईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "घर बांधा, माही ना नाही. सही देतो. पन माह्यं नाव राहू द्या." मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. बापाच्या घरावर लेकीचं नाव असावं. आम्ही पाचही नावं चढवली आणि बाकी चौघांनी यांना बांधकामासाठी संमतीपत्र दिलं. परवानगीला तेवढं पुरलं. हक्कसोड केल्याशिवाय परवानगी मिळत नाही असं कोणी सांगत असेल तर त्याला तसं लेखी द्यायला सांगा. आमच्याकडे असं सांगणाऱ्याने लेखी म्हटल्यावर विषयच सोडला.

आता अभियंत्याबद्दल. पहिल्यांदा तालुक्याच्या गावी एका नकाशा काढून देणाऱ्याकडे गेलो. घर बघायला आला नाही, फोनवर लांबी-रुंदी विचारली आणि दुसऱ्या दिवशी रंगीत कागद दिला. घरी आणून बघितला तर उत्तर दिशाच चुकलेली. स्वयंपाकघराची खिडकी शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीत दाखवली होती. दुसऱ्या कोणाच्या घराचा नकाशा होता तो, आमचं नाव टाकून दिलेला. त्याचे पैसे गेले. तो कागद मी अर्जाला लावला नाही.

दुसरा मुलगा गावाकडचाच, परवानाधारक अभियंता. तो टेप घेऊन आला, घराचे कोपरे स्वतः मोजले आणि यांना म्हणाला, "काका, मागच्या बाजूनं एक खड्डा घ्या, माती पायतो." आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुन्या विटांच्या घरांच्या भिंती कोपऱ्यातून तिरप्या फाटलेल्या दिसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. खड्ड्यात साडेचार फुटांपर्यंत काळी माती लागली, मग पिवळसर मुरूम. त्याने सांगितलं की पाया मुरमावर गेला पाहिजे, मधे थांबायचं नाही, आणि प्लिंथला, म्हणजे जोत्याला, चारही बाजूंनी बीम फिरला पाहिजे. मिस्त्रीचं म्हणणं होतं तीन फूट पुरे, गावातली सगळी घरं तशीच आहेत. मुलाने त्याला खड्ड्यात उतरवून हाताने माती दाखवली. मिस्त्री जुना आहे, हुशार आहे. ढेकूळ हातात चुरडून बघितलं आणि मग कबूल झाला.

परवानगीसाठी अभियंत्याचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे म्हणून बरेच जण ते नुसतं विकत घेतात. मला वाटतं या सगळ्या प्रक्रियेत सगळ्यात मोलाची गोष्ट तीच होती. अकराव्या महिन्यात भेग पडणारं घर आणि नातवापर्यंत टिकणारं घर, यातला फरक त्या खड्ड्यात ठरला. फी जास्त घेतली तरी जागेवर येणाराच माणूस बघा.

त्यानेच आणखी एक सांगितलं, जे ऐकून आधी वाईट वाटलं. आमची गल्ली बारा फुटांची. जुन्या वस्तीत गल्ली ४.५ मीटरपेक्षा अरुंद असली तर गल्लीच्या मध्यापासून २.२५ मीटर सोडून भिंत घ्यावी लागते. हिशेब केला तर समोरून जवळजवळ दीड फूट आत सरकावं लागत होतं. छपरीचा ओटा जाणार होता. सासऱ्यांची बसायची जागा ती. हे गप्प झाले. पण सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात १०८ ची गाडी याच गल्लीच्या तोंडाशी थांबली होती आणि त्यांना खाटेवर घालून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावं लागलं होतं, हे घरात कोणीच विसरलं नव्हतं. दीड फूट सोडलं. गल्लीतल्या प्रत्येकाने पुढचं घर बांधताना तेवढं सोडलं तर वीस वर्षांत गाडी आत येईल. एकट्या आमच्या घराने काही होत नाही, पण सुरुवात कोणीतरी करायची असते.

अर्ज देण्याचा भाग. कागद असे लागले: अर्ज, मिळकत पत्रिका आणि सनदेची प्रत, वारस चढवलेला नमुना ८ चा ताजा उतारा, घरटॅक्स आणि पाणीपट्टी भरल्याची पावती, वारसांची संमती, आराखड्याच्या प्रती आणि अभियंत्याचं प्रमाणपत्र. नमुना ८ चा उतारा लोकसेवा हक्क कायद्यात येतो, तो अर्ज केल्यावर ठरल्या मुदतीत मिळायलाच पाहिजे. आम्हाला तो ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार केंद्रात लगेच मिळाला. तिथली मुलगी चांगली आहे. लाइट गेली होती तरी थांबली आणि लाइट आल्यावर काढून दिला. तिचं इथे कौतुक करते, कारण तिच्याबद्दल चांगलं कोणी लिहीत नाही.

परवानगीचा अर्ज मात्र पहिल्यांदा नुसता ठेवून घेतला. "ठेवा, साहेब आले की बघतील." आता ग्रामसेवकांचं पदनाम बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. आमच्याकडच्या साहेबांकडे दोन गावांचा कारभार होता, ते ठरलेल्या वारीच येत. ते आले तेव्हा आमचा अर्ज सापडेना. कपाटात, टेबलावर, गठ्ठ्यांत, कुठेच नाही. दोष एका माणसाचा म्हणणार नाही. तिथे तेव्हा अर्ज आला की लगेच नोंदवायची पद्धतच नव्हती. आराखड्याच्या जास्तीच्या प्रती अभियंत्याने दिल्या होत्या, त्यामुळे निभावलं. दुसऱ्यांदा अर्ज दिला तेव्हा मी उभी राहिले आणि आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय हलले नाही. शिपाई म्हणाला, "ताई, इथं कोनी पोच मांगत नाही." मी म्हटलं, मी मागते आहे, द्या. त्याने साहेबांना विचारलं, साहेबांनी लगेच दिली.

ही पोच फार महत्त्वाची आहे. १० दिवसांची मुदत कधीपासून मोजायची, हे त्या शिक्क्यावरच्या तारखेवरून ठरतं. शिक्का नसेल तर मुदत कधी सुरूच झाली नाही.

मुदतीत प्रमाणपत्र मिळालं का? नाही. महिनाभराच्या वर गेला. मधे एकदा सांगितलं की तालुक्याला विचारून बघतो, हे आमच्या अधिकारात येतं का. अभियंत्याने शासनाच्या पायऱ्यांचा कागद छापून नेऊन दिला आणि १६०० ते ३२०० च्या रकान्यावर बोट ठेवलं. साहेबांनी तो शांतपणे वाचला, त्याची प्रत ठेवून घेतली आणि म्हणाले की आधीच्या गावी असं प्रकरण आलंच नव्हतं. मला त्यांचा प्रामाणिकपणा आवडला. पण नियम येऊन एवढी वर्षं झाली आणि तो टेबलापर्यंत अर्जदाराने नेऊन द्यावा लागतो, याला मी गुण कसे देऊ?

पैशांचं सांगते. विकास शुल्क भरलं आणि कामगार कल्याण उपकर भरला. उपकर बांधकाम खर्चाच्या १ टक्का असतो. तेव्हा स्वतःच्या राहत्या घराचा खर्च १० लाखांच्या आत असेल तर तो लागत नव्हता. आमचा अंदाज त्याच्या वर गेला, म्हणून लागला. उपकर कशाचा, हे बहुतेकांना माहीत नसतं म्हणून त्यावरून वाद होतात. तो पैसा बांधकाम कामगारांच्या मंडळाकडे जातो आणि त्यातून नोंदणी झालेल्या कामगारांना आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते. आमच्या मिस्त्रीची आणि त्याच्यासोबतच्या रेजा बायांची नोंदणीच नव्हती. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आमच्या घरी केलेल्या कामाचे दिवस मी वहीत लिहून सही करून दिले. ज्यांच्या डोक्यावरच्या टोपल्यातून आपलं घर उभं राहतं त्यांच्यासाठी हे पैसे देताना मला जड गेलं नाही. तुम्हीही उपकर भरलात तर आपल्या मिस्त्रीला नोंदणीबद्दल विचारा.

प्रत्येक रुपयाची छापील पावती मिळाली. पावतीशिवाय काही मागितलं गेलं का, असं गावातले सगळे मला आधी हेच विचारतात. ग्रामपंचायतीत नाही. तालुक्याच्या एका कार्यालयाबाहेर बसणाऱ्या एका माणसाने "लवकर करून देतो" म्हणून रक्कम सांगितली होती. आम्ही दिली नाही. उशीर झाला, पण काम झालं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. घर गावठाणाच्या बाहेर शेतात बांधायचं असेल तर हा अनुभव तुम्हाला तसाच लागू होणार नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत अकृषक परवानगीची, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरायच्या परवानगीची, वेगळी फेरी टळत होती, पण २०२५ पर्यंत रूपांतर कर आणि अकृषक आकारणी भरावी लागत होती. जमीन भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी असेल तर आधी तहसीलला विचारा. जुनी मोजणी नसेल तर पावसाळ्याआधीच अर्ज टाका. उभं पीक आणि चिखल असला की मोजणीवाले येत नाहीत, आणि आले तरी खुणा नीट दिसत नाहीत.

प्रमाणपत्र मिळालं तेव्हा त्यावर अटी होत्या. गिट्टी-रेती टाकून रस्ता अडवायचा नाही, सांडपाणी उघड्यावर सोडायचं नाही, मंजूर आराखड्यात बदल करायचा तर परत विचारायचं. आराखड्याच्या प्रत्येक पानावर गोल शिक्का. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी पानावर बोट फिरवत कोठ्याची पट्टी कुठे आहे ते विचारलं. मी दाखवली. मग तो कागद त्यांनी लोखंडी पेटीत ठेवला, सातबाऱ्यांच्या वर.

बँकेने तीच प्रत घेतली आणि पहिला हप्ता सोडला. पाया मुरमापर्यंत खोदला. प्लिंथ झाल्यावर अभियंता स्वतः येऊन मोजून गेला. ग्रामपंचायतीतून मात्र कोणी बघायला आलं नाही. यायला पाहिजे होतं. परवानगी देऊन पुढे बघितलंच नाही, तर गल्लीसाठी दीड फूट सोडणारा आणि न सोडणारा दोघे सारखेच ठरतात. हा दुसरा अर्धा गुण त्यासाठी कापला आहे. पहिला एक गुण हरवलेला अर्ज आणि उलटलेली मुदत यांचा.

१ मेच्या ग्रामसभेत मी उभी राहून दोन मागण्या केल्या. बांधकाम परवानगीला कोणते कागद लागतात आणि शुल्क किती, याचा फलक ग्रामपंचायतीच्या दारावर लावा. आणि प्रत्येक अर्जाला त्याच दिवशी आवक क्रमांक द्या. बायांच्या बाजूने चारपाच जणींनी हात वर केले, मग पुरुषांनीही केले. दोन्ही मागण्या इतिवृत्तात लिहून घ्यायला लावल्या आणि लिहिलेलं वाचून दाखवायला सांगितलं. आवक क्रमांक आता देतात, परवाच शेजारच्या मुलाला मिळाला. फलक अजून लागलेला नाही. १५ ऑगस्टच्या सभेत तोच विषय पहिला घ्यावा असा अर्ज दिला आहे, पोच माझ्याकडे आहे.